भूमिकांची वांटणी : एका ज्यू कुटुंबाचें नाटक

नाटक बसवावयाचें ठरलें कीं हौशी मंडळींतलें पहिलें भांडण भूमिकांच्या वांटणीवरून होतें. धंदेवाईक कंपनींतला नट पगार घेतो आणि पदरीं पडेल ती भूमिका करतो. दिवसभर कचेरींत किंवा शाळेंत राबून संध्याकाळीं तालमीस येणाऱ्या हौशी नटाला पगार नसतो. त्याला मिळतो तो मानच, आणि हा मान भाषणांच्या लांबीवर मोजण्याची खोड सर्व देशांत सारखीच आहे.

अमेरिकेंत अशा गांवोगांवच्या नाट्यमंडळींची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. शिकागोचें 'लिट्ल थिएटर' १९१२ सालीं निघालें, क्लीव्हलंडचें 'प्ले हाउस' १९१५ सालीं. भूमिकांसाठीं उघडपणें वाचन ठेवावें, ज्याला हौस असेल त्यानें यावें, नेमलेला उतारा वाचून दाखवावा, आणि दिग्दर्शकानें निवड करावी, ही रीत तिकडे रुळलेली आहे. रीत चांगली; पण नाटक जर क्लिफर्ड ओडेट्स याचें 'अवेक अँड सिंग' असेल, तर ती पुरी पडत नाहीं.

हें नाटक १९ फेब्रुवारी १९३५ रोजीं न्यूयॉर्कच्या बेलास्को नाट्यगृहांत प्रथम झालें. अमेरिकेंतील मंदीचा तो काळ. १९३३ सालीं तेथील काम करणाऱ्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा बेकार होता. ब्राँक्स भागांतील एका बिऱ्हाडांत बर्जर नांवाचें ज्यू कुटुंब राहतें. आई बेसी घर चालविते; बाप मायरन दुसऱ्याच्या दुकानांत कारकुनी करतो आणि सोडतींत नशीब काढण्याचीं स्वप्नें पाहतो. मुलगा राल्फ बावीस वर्षांचा, मुलगी हेनी त्याहून थोरली. बेसीचा म्हातारा बाप जेकब आपल्या खोलींत कारूसोच्या ध्वनिमुद्रिका ऐकत आणि जग बदलण्याच्या गोष्टी करीत बसतो. हेनीला दिवस राहतात, तेव्हां बेसी तिचें लग्न नुकत्याच परदेशांतून आलेल्या, भोळ्या सॅम फाइनश्रायबरशीं घाईघाईनें उरकते आणि त्या बिचाऱ्याला कांहीं कळूं देत नाहीं. जेकब मरतो. त्याच्या विम्याचे तीन हजार डॉलर राल्फच्या नांवें निघतात, आणि त्या पैशांवरून घरांत जें होतें तें कोणत्याही मध्यमवर्गीय घराला परकें वाटूं नये.

हौशी मंडळींना पहिला मोह पडतो तो ज्यू माणसाचें सोंग आणण्याचा. खांदे उडवावे, हातवारे करावे, नाकांतून बोलावें, म्हणजे ज्यू झाला! शायलॉकच्या नांवावर रंगभूमीनें हें पाप शतकानुशतकें केलें आहे. त्याला उत्तर देणारा नट ज्यूंमधूनच निघाला. यिद्दिश रंगभूमीचा थोर नट जेकब ॲडलर १९०३ सालीं ब्रॉडवेवर शायलॉक झाला. भोंवतालचे सर्व नट इंग्रजी बोलत होते आणि तो एकटा यिद्दिश. त्याच ॲडलरचीं दोन मुलें, स्टेला आणि ल्यूथर, १९३५ सालीं ओडेट्सच्या नाटकांत होतीं. स्टेलानें बेसी केली, ल्यूथरनें मो ॲक्सलरॉड.

ओडेट्सचें लेखन या सोंगाला जागा ठेवीत नाहीं. त्याच्या पात्रांची बोली इंग्रजीच आहे. मात्र वाक्यांची घडण यिद्दिशची आहे. क्रम उलटा, प्रश्नाला उत्तर प्रश्नानेंच, आणि दुःखाच्या शेजारींच उपहास. नटानें तीं वाक्यें नुसतीं लिहिल्याप्रमाणें म्हटलीं तरी पुरे. वर आणखी उच्चाराचा मसाला घातला कीं पदार्थ नासतो. महाराष्ट्रांतील वाचकाच्या डोळ्यांपुढें ज्यू म्हटला कीं कोंकणांतला बेने इस्राएल येतो. तेल गाळणारा, शनिवार पाळणारा, म्हणून लोकांनीं त्याला 'शनवार तेली' म्हटलें. त्याची मायबोली मराठी. बर्जर मंडळींचा धर्म तोच असला तरी भाषा, खाणें, आठवणी सर्व पूर्व युरोपांतल्या. 'ज्यूपणाचा एकच सांचा' ही समजूत किती खोटी आहे हें यावरून दिसावें.

मग ज्यूंच्या भूमिका ज्यूंनींच कराव्या काय? १९३५ सालच्या संचांत ज्यू नट पुष्कळ होते. ते 'ग्रूप थिएटर' या १९३१ सालीं स्थापन झालेल्या मंडळींतले, आणि ओडेट्स स्वतःही त्याच मंडळींत किरकोळ भूमिका करणारा नट होता. आपल्या सोबत्यांचे आवाज कानांत ठेवूनच त्यानें हें नाटक लिहिलें. इतकी सोय कोणत्या गांवच्या मंडळींना असणार? उलट २०१३ सालीं न्यूयॉर्कच्या 'नॅशनल एशियन अमेरिकन थिएटर कंपनी'नें हेंच नाटक सर्वस्वीं आशियाई वंशाच्या नटांकडून करविलें, आणि २०१५ सालीं तें पुन्हां रंगभूमीवर आलें. स्थलांतर केलेल्या कुटुंबाची धास्ती त्या नटांना शिकवावी लागली नसावी. तेव्हां जन्माची अट घालणें व्यर्थ आहे. मात्र संचांत किंवा गांवांत ज्यू माणूस असेल तर तालमीच्या आरंभींच त्याला बोलावून चार गोष्टी विचारून घेणें हें साधें सौजन्य आहे, आणि त्यानें पुढच्या चुकाही टळतात.

वयाचा घोळ याहून सोपा. जेकब झालेला मॉरिस कार्नोव्हस्की तेव्हां सदतीस वर्षांचा होता आणि त्याची मुलगी झालेली स्टेला ॲडलर चौतीस! पांढऱ्या केंसांनीं म्हातारपण येत नाहीं. तें बसण्याउठण्यांतून येतें. तरी हौशी मंडळींनीं खरा म्हातारा मिळत असल्यास तो सोडूं नये. जेकबच्या मृत्यूनंतर राल्फ त्याचीं पुस्तकें चाळतो, तेव्हां अर्ध्याअधिक पुस्तकांचीं पानें कापलेलींच नाहींत असें आढळतें. क्रांतीच्या गोष्टी सांगणारा हा म्हातारा आपलीं पुस्तकेंही पुरीं वाचूं शकला नाहीं. जेकबसाठीं वाचणारा नट जर गर्जना करूं लागला तर तो मायरनच्या मेव्हण्याची, म्हणजे पैसेवाल्या मॉर्टीची भूमिका करील, जेकबची नव्हे.

खरी कसोटी बेसीची. वाचनाच्या दिवशीं बहुतेक दिग्दर्शक तिच्या संतापाचा प्रवेश देतात. त्यांत ती बापाच्या ध्वनिमुद्रिका फोडते. त्या प्रवेशांत कोणतीही मोठ्या आवाजाची बाई टाळ्या घेईल. तिसऱ्या अंकांतलें तिचें लांब भाषण द्यावें. तेथें ती मुलाला सांगते कीं या घरांत आईही तीच आणि बापही तीच. शेजारच्या रस्त्यावर एका कुटुंबाचें सामान बाहेर काढलेलें तिनें पाहिलें आहे. पिकल्या केंसांची म्हातारी फुटपाथवर उभी होती. ती भीति जिच्या आवाजांत ऐकूं येते तीच बेसी. मुलीला फसवणुकीचें लग्न करावयास लावणारी, मुलाचा विमा दाबूं पाहणारी ही बाई दुष्ट दिसली तर नाटक तेथेंच पडलें, कारण मग राल्फचा झगडा एका कैदाशिणीशीं होतो, उपासमारीच्या धाकाशीं होत नाहीं. मंडळींतल्या सर्वांत लाडक्या नटीला ही भूमिका देण्याचाही मोह आवरावा. लाडकी नटी प्रेक्षकांना आवडावें म्हणून बेसीला गोड करून टाकते.

सॅमच्या भूमिकेकडे विनोदी नट धांवतात. त्यांना दुसऱ्या अंकांतील तो प्रवेश वाचावयास द्यावा, ज्यांत मूल आपलें नाहीं असें बायकोनें सांगितल्यावर तो सासुरवाडीस येतो. जो हंसें मिळवील त्याला नमस्कार करून परत पाठवावें. मो ॲक्सलरॉडचा एक पाय युद्धांत गेला आहे. तालमीच्या पहिल्या दिवसापासून त्या पायाची संवय हवी, नाहींतर दुसऱ्या प्रयोगास कोणता पाय तें विसरतें.

नाटकांत पुरुष सात आणि स्त्रिया दोन. मराठी रंगभूमीवर १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर'नें 'आंधळ्यांची शाळा'मध्यें स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या, ती त्या काळीं मोठी गोष्ट होती. आज पुष्कळ हौशी मंडळींत वाचनाला दहा स्त्रिया आणि चार पुरुष येतात. आठ स्त्रियांना नकार द्यावा लागणार. तो फलकावर यादी लावून देऊं नये. प्रत्येकीला भेटून, कारण सांगून द्यावा, आणि 'पुढच्या खेपेस पाहूं' हें खोटें आश्वासन देऊं नये.

राहिला श्लोसर, इमारतीचा जर्मन रखवालदार. भाषणें मोजकीं, म्हणून ही भूमिका शेवटीं उरेल त्याच्या गळ्यांत घालतात. जेकब कुत्र्याला घेऊन बर्फ पडत असतां गच्चीवर जातो, आणि तो खालीं पडल्याची बातमी घरांत आणतो तो श्लोसर. ओडेट्सनें पात्रांच्या टिपणांत लिहिलें आहे कीं या माणसाची बायको दुसऱ्याबरोबर पळाली आणि मागें राहिलेली मुलगीही पुढें तमाशेवाल्यांत निघून गेली. नाटकांत हें कोणी बोलत नाहीं. दारांत उभें राहून, टोपी हातांत धरून, मृत्यूची बातमी देतांना जो माणूस क्षणभर त्या घराकडे पाहील, तो वाचनाच्या रांगेंत कोठें तरी मागें बसलेला असतो. त्याला हांक मारावी.