सापडले नाही म्हणजे नव्हते असे नव्हे

(हीरक महोत्सवी वर्षात मुख्याध्यापिकांनी विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



हीरक महोत्सवानिमित्त शाळेचे साठ वार्षिक अहवाल संगणकावर उतरवण्याचे काम नववीच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे. प्रत्येक वर्षाची एक, अशा साठ फाइली तयार होतील. त्यांत हवी ती नोंद शोधायची कशी, यावर मी आज बोलणार आहे. विषय तांत्रिक वाटेल; पण माझ्या मते तो मराठीच्या तासाचाच विषय आहे.

संगणकाला टंकलिखित आज्ञा देऊन काम करून घेण्याच्या रीतीला कमांड लाइन म्हणतात. तेथे ‘ग्रेप’ नावाचे एक लहानसे साधन असते. शोधायचा शब्द आणि फाइलींची जागा सांगितली, की ते प्रत्येक फाइल ओळीओळीने तपासते आणि तो शब्द असलेल्या ओळी तेवढ्या समोर ठेवते. आज्ञेत ‘आर’ हा पर्याय जोडला तर ते फोल्डरच्या आतले फोल्डरही धुंडाळते; ‘एन’ जोडला तर ओळीचा क्रमांकही देते.

या साधनाचा जन्म एका वाङ्मयीन प्रश्नाशी निगडित आहे, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. अमेरिकेत १७८७-८८ मध्ये ‘फेडरलिस्ट’ नावाने ८५ निबंध टोपणनावाखाली प्रसिद्ध झाले. त्यांतील काही निबंध नेमके कोणाचे, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमहॉन यांना भाषेच्या आधारे त्याचा छडा लावायचा होता. पण तेव्हाच्या ‘ईडी’ या संपादन-प्रणालीत एवढा मजकूर मावेना. मग केन थॉम्प्सन यांनी त्याच प्रणालीतील शोधाचा भाग वेगळा काढून १९७३ च्या सुमारास ग्रेप सिद्ध केले.

हे साधन वेगवान आहे, पण त्याला अर्थ कळत नाही. ते केवळ चिन्हांचा क्रम पाहते. ‘शाळा’ हा शब्द शोधायला सांगा. ‘शाळा’ मिळेल, ‘शाळांना’ मिळेल. पण ‘शाळेत’, ‘शाळेला’, ‘शाळेचा’ यांपैकी एकही मिळणार नाही, कारण सामान्यरूपात काना जाऊन मात्रा आली. नुसते ‘शाळ’ शोधले तर शाळू, शाळिग्राम आणि विशाळगडही हजर होतील. यावर उपाय असा, की ‘शाळ’ लिहून पुढे चौकटी कंसात काना आणि मात्रा ही दोन्ही चिन्हे द्यायची. कंसाचा अर्थ, ‘यांपैकी कोणतेही एक’. अशा सूत्राला नमुना म्हणू. तो बांधायला शब्दाचे सामान्यरूप ठाऊक असावे लागते. एवढे करूनही ‘प्रयोगशाळा’ आणि ‘धर्मशाळा’ जाळ्यात येतीलच. त्या वेगळ्या काढणे हे वाचणाऱ्याचे काम.

तीच गोष्ट जोडाक्षरांची. डोळ्यांना ‘क्ष’ हे एक अक्षर दिसते. संगणकाच्या लेखी ती क, हलन्त चिन्ह आणि ष अशी तीन चिन्हे आहेत. ‘कि’ मध्ये दोन आहेत. नमुन्यातील टिंब म्हणजे ‘कोणतेही एक चिन्ह’. ज्या मुलाने बाराखडी आणि अक्षरांची फोड मन लावून गिरवली आहे, त्याला किती टिंबे द्यायची हे सांगावे लागत नाही. ‘वऱ्हाड’ आणि ‘दुसऱ्या’ यांतील अर्धा ऱ तर दोन निरनिराळ्या प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका प्रकारे टंकलेला दुसऱ्या प्रकाराने शोधल्यास हाती लागत नाही.

काळानेही भेद केले आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले. तथापि जुन्या वळणाचे हात लगेच बदलत नाहीत. ‘कवि’ आणि ‘कवी’, ‘केलें’ आणि ‘केले’ ही रूपे अहवालांत शेजारी शेजारी नांदतात. आडनावांचेही तसेच. एखाद्या वर्षी ‘कुलकर्णी’ लिहिले, दुसऱ्या वर्षी ‘कुळकर्णी’. ‘कु’ आणि ‘कर्णी’ यांच्यामध्ये चौकटी कंसात ‘ल’ आणि ‘ळ’ दिले, म्हणजे दोन्ही सापडतात.

हा केवळ व्याकरणाचा खेळ नाही. ‘माझी आई आपल्या शाळेत कोणत्या वर्षी शिकवीत होती?’ असे विचारणारी पत्रे कार्यालयात येतात. नोकरीनिमित्त परप्रांतात आलेली आणि पुढे बदल्यांमुळे विखुरलेली ही कुटुंबे. त्यांच्या येथील वास्तव्याची खूण पुष्कळदा शाळेच्या कागदांतच उरलेली असते. अशा वेळी कुणी एकच रूप टंकले, तर ग्रेप काहीही दाखवणार नाही. कोणतीही सूचना न देता गप्प राहील. त्या मौनावर विसंबून ‘नोंद नाही’ असे उत्तर पाठवले, तर पंधरा वर्षे येथे फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाई आपल्या इतिहासातून पुसल्या जातील. सापडले नाही, याचा अर्थ एवढाच, की आपण विचारलेल्या रूपात सापडले नाही. म्हणून नकार कळवण्यापूर्वी इतर रूपे तपासावीत आणि अखेरीस मूळ वही उघडावी, असा दंडक मी कार्यालयासाठी घालून देत आहे.

नववीच्या मुलांनो, तुमच्यासाठी तीन सूचना. मजकूर युनिकोडमध्येच टंका. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली चिन्हे निराळीच असतात, आणि पानाच्या छायाचित्रातील अक्षरे तर ग्रेपला मुळीच दिसत नाहीत. दुसरे, अर्ध्या ऱ साठी सर्वांनी एकच पद्धत ठरवून घ्या. तिसरे, जुने लेखन सुधारू नका. ‘झालें’ असेल तर अनुस्वारासह ‘झालें’च लिहा. ती त्या काळाची साक्ष आहे. शोधताना दोन्ही रूपे देणे ही आपली जबाबदारी.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवताना ‘मराठी शिकून उपयोग काय?’ हा प्रश्न पालक मला दरवर्षी विचारतात. त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक आज तुमच्यापुढे ठेवले. यंत्र अफाट वेगाने शोधेल. पण शब्दाची किती रूपे होतात, हे भाषा जाणणाऱ्यानेच त्याला सांगायचे असते. या साठ वर्षांच्या कागदांना योग्य शब्दांत प्रश्न विचारणारी मुले याच वर्गांतून घडावीत, एवढी इच्छा व्यक्त करते आणि आपली रजा घेते.