सर्वांत भारी इंजिन कोणतं?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



काल रात्रीपासून आपल्या बॅचमध्ये एकच वाद चालू आहे : जगातलं सर्वांत भारी मोटारीचं इंजिन कोणतं? पुणेकर जर्मनीच्या खाली उतरत नाहीत, नागपूरकर होंडाला धरून बसलेत. मी परतवाड्यात पंचवीस वर्षं हात काळे केले, म्हणून माईक माझ्याकडे आला.

माझी कसोटी सेमाडोहची आहे. माणसांनी खच्चून भरलेली गाडी, पावसाळ्यातला घाट, वाटेत वाहता नाला, आणि आत कोणाचा तरी जीव. इथे दोनशेचा वेग कोण विचारतं?

या कसोटीला पहिली उतरली ती जीप. विलीजचं २१९९ सीसीचं पेट्रोल इंजिन बार्नी रूस या इंजिनिअरनं ४८ अश्वशक्तीवरून ६० वर नेलं आणि ते महायुद्धात गेलं. पुढे त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, इंजिनाची उंची वाढली; महिंद्राच्या जुन्या जीपचं बोनेट उंच दिसतं ते त्यामुळे. ओढ झकास, पण पाण्याशी वैर. नाल्यात उतरण्याआधी फॅनबेल्ट काढून ठेवायचा. नाहीतर पंखा पाणी उडवणार, डिस्ट्रिब्युटर भिजणार आणि गाडी नाल्यात मधोमध बसणार.

डिझेलला ठिणगीच लागत नाही. दाबानं तापलेल्या हवेत ते आपसूक पेटतं. म्हणून माझं मत ट्रॅक्सच्या इंजिनाला. हो, आपल्या काळ्या-पिवळ्या ट्रॅक्सच्या! पुणेकरांनो, खूश व्हा, ते जर्मनच आहे. मर्सिडीजचं ओएम ६१६, चार सिलिंडर, सुमारे २४०० सीसी. तिकडे ते २४०-डी मोटारीत असायचं. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्यानं तसली गाडी, मधेमधे इंजिनं बदलत, ४६ लाख किलोमीटर चालवली. इकडे पुण्याच्या बजाज टेम्पोनं ते परवान्यावर बनवलं. अश्वशक्ती सत्तरीच्या आसपास, आवाज चक्कीसारखा, आणि जानेवारीच्या पहाटे हीटरचा दिवा विझेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं.

नागपूरकर आता फियाटचं मल्टीजेट पुढे करतील. स्विफ्ट डिझेलमध्ये होतं तेच. १२४८ सीसी, म्हणजे जवळपास निम्मं इंजिन, आणि ओढ २००० फेऱ्यांवर १९० न्यूटन-मीटर. ओएम ६१६ ची २४०० फेऱ्यांवर १३७. हिशेब खरा आहे, मी तो टाळत नाही. कागदावर मल्टीजेट जिंकलं. पण त्याचा कॉमन रेल पंप डिझेल हजाराहून जास्त बार दाबानं पाठवतो. ड्रममधल्या डिझेलात पाणी-कचरा निघाला की इंजेक्टर गेला, मग कॉम्प्युटर लावल्याशिवाय दुखणं कळत नाही. ट्रॅक्सचा फिल्टर रस्त्याच्या कडेला बदलायचा, हातपंप मारून हवा काढायची, निघायचं.

माझ्या धाकट्या बहिणीला अशाच एका रात्री बाजेवरून रस्त्यावर आणलं होतं. जुलै महिना. घाटात ट्रॅक्स बंद पडली, फिल्टरमध्ये पाणी. बॅटरीच्या उजेडात पंधरा मिनिटांत मी ती चालू केली. भाचा परतवाड्याला पोचल्यावर जन्मला. तो आज मागच्या रांगेत बसलाय आणि त्याला इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे.

आता नागपूरकरांनी उत्तर द्यावं. भाकरी व्हायला अजून अवकाश आहे.