हळद इतकी पिवळी कशी?

आज बोलूया शिसं या धातूबद्दल. तुम्ही म्हणाल, पेट्रोलमधलं शिसं तर भारतात २००० सालीच बंद झालं, आता काय? तर गोष्ट ऐका, बांगलादेशातली.

तिथे खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. आलं कुठून? स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेच्या संशोधकांनी माती, तांदूळ, पत्र्याचे डबे, सगळं तपासलं. वेगवेगळ्या ठिकाणच्या शिशाची ठेवण वेगळी असते, त्यावरून माग काढता येतो. माग निघाला थेट हळदीपर्यंत!

झालं असं, की १९८०च्या दशकात पुरामुळे हळद नीट वाळली नाही, काळपट पडली. मग हळकुंडांना पॉलिश करताना लेड क्रोमेट लावायला सुरुवात झाली. हा रंगकामातला पिवळा रंग. गिऱ्हाईकाला झळझळीत हळद आवडते, म्हणून पूर गेला तरी सवय राहिली.

यात एवढं घाबरण्यासारखं काय? शरीर शिशाला कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. गरोदरपणात तेच रक्तात उतरून बाळापर्यंत पोचतं. लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं. त्यातून मेंदूचं जे नुकसान होतं, ते भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानता येत नाही.

पण खरी बातमी पुढे आहे. २०१९मध्ये तिथल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पत्रकं वाटली, ढाक्याच्या श्यामबाजारात धाड टाकली, व्यापाऱ्यांना दंड केला. तेव्हा बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. २०२१मध्ये किती? शून्य!

आपल्याकडे? २०२४च्या एका अभ्यासात पाटण्याच्या हळदीतही शिशाचं प्रमाण भयंकर निघालं. म्हणजे प्रश्न शेजारच्या देशापुरता नाही.

मग आपण काय करायचं? शिसं चवीवरून कळत नाही, दळलेल्या पुडीत डोळ्यांनाही दिसत नाही. म्हणून सुटी पूड टाळा. हळकुंडं घेणार असाल तर बिनपॉलिशची, जरा मळकट दिसणारी घ्या. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि शंका वाटली, तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारा.

आणि हो, घरचा किराणा जो आणतो, त्याला हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!