जिथे दिवा लागत नाही

महसुलाच्या दप्तरात एक शब्द भेटतो, ‘बेचिराख’. आपण तो जाळपोळीसाठी वापरतो. मूळ फारसी अर्थ मात्र इतकाच, की जिथे चिराग नाही, दिवा लागत नाही. परभणी जिल्ह्याच्या गावांच्या यादीतही अशी नावे आहेत. शिवार आहे, सातबारा आहे. वस्तीला माणूस नाही.

अशी गावे ओळखायची कशी? शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही आपल्याकडची जुनी विभागणी. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतली राख, शेणाचे सारवण, पडलेल्या भिंतींची माती मिळून पांढरी तयार होते. नदीकाठच्या काळ्या रानात मध्येच फिकट मातीचा उंचवटा दिसला, खापरे सापडली, बाजूला शेंदूर लावलेला मारुती असला, की समजावे, इथे गाव नांदत होते. १६३०-३२ सारखे दुष्काळ, पटकी-प्लेगाच्या साथी, नदीचे पूर अशा कारणांनी गावे उठत. माणसे शेजारच्या गावात जात, पण शेत कसायला जुन्या शिवारात येत राहत. म्हणून नाव टिके.

धरणाने उठलेल्या गावांचे तसे नाही. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचे येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले. काळी आणि पांढरी दोन्ही पाण्याखाली गेली. धरणाच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजघर उभे राहिले. एका गावचा दिवा गेला आणि दुसऱ्या गावात लागला, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही.

पैठणला गोदावरीवर तेच घडले. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, उद्‌घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी. २०८ किलोमीटरच्या डाव्या कालव्याने ते पाणी आपल्या परभणीच्या शेतात येते. आपण ते घेतो, कोणाच्या अंगणावरून आले हे विचारत नाही. राज्याचा पुनर्वसन कायदाही झाला तो १९७६ साली, म्हणजे धरणे बांधून झाल्यावर. घराचे, शेताचे पैसे मोजता येतात. पार, वेस, नदीचा घाट हे कोणत्या रकान्यात धरणार?

पुणे जिल्ह्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि बघ्यांची गर्दी होते. येलदरीच्या वेळी विशीत असलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात कोणी असतील, तर त्यांच्याकडून गावाचा नकाशा एकदा काढून घ्या. वेडावाकडा चालेल. वेस कुठे, आड कुठे, कोणाचे घर कोणाला लागून, नदीवर जायची वाट कोणती.