पहिले चोवीस तास कुणाचे?



या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत. अध्यक्षांनी शास्त्राचा व्यापक आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच इंजेक्शनबद्दल बोलणार आहे: बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मांडीत द्यायची हिपॅटायटिस बी लसीची अर्धा मिलिलिटर मात्रा.

मोठ्या माणसाला या विषाणूची लागण झाली, तर शंभरातले पंचाण्णव तरी त्यातून बाहेर येतात. जन्मताना झाली, तर शंभरातल्या नव्वद बाळांच्या यकृतात तो कायमचा वस्तीला राहतो. बाळ दूध पितं, बाळसं धरतं, शाळेत जातं. काहीच दिसत नाही. मग तिशी-चाळिशीत सिऱ्हॉसिस किंवा यकृताचा कर्करोग घेऊन तोच माणूस दवाखान्यात येतो आणि आपण त्याला पहिला प्रश्न विचारतो, ‘दारू पिता का?’ आईच्या रक्तात ई अँटिजेन असेल आणि आपण काहीच केलं नाही, तर दहापैकी सात ते नऊ बाळांच्या नशिबी ही लागण येते.

तैवाननं १९८४ साली बाधित मातांच्या नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि दोन वर्षांत ती सगळ्याच बाळांना लागू केली. तिथल्या मुलांमधलं बाधितांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं, ते पंधरा वर्षांत एका टक्क्याच्या खाली आलं. मुलांमधला यकृताचा कर्करोगही जवळजवळ निम्म्यावर आला. लसीनं कर्करोग टळतो, हे जगाला पहिल्यांदा तिथे दिसलं.

आपल्याकडे काय कमी आहे? हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ मध्ये देशी लस आणली आणि ती सामान्यांच्या आवाक्यात आली. २०११ पासून ती देशभरच्या लसीकरणात आहे. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

अडतं ते प्रसूतिगृहाच्या दारात. आई स्त्रीरोगतज्ज्ञांची, बाळ बालरोगतज्ज्ञांचं, आणि मधली रात्र कुणाचीच नाही. शनिवारी रात्री दोन वाजता बाळ जन्मतं. लस लसीकरण कक्षात कुलपात असते, किल्ली सिस्टरकडे, सिस्टर सोमवारी येणार. कुपी दहा मात्रांची. एका बाळासाठी फोडली तर बाकीच्या वाया जातील, ही भीती वेगळीच. ही भीती निराधार आहे. नीट थंड ठेवलेली उघडी कुपी २८ दिवस वापरता येते. जपायचं ते एवढंच, की लस २ ते ८ अंशांत राहावी आणि कधीही गोठू नये. गोठलेली लस फेकूनच द्यावी लागते.

व्हिटॅमिन के आपण सगळेच लेबर रूममध्ये देतो. ते कुणी द्यायचं, हा वाद कधी होत नाही. मग ज्या हातांनी ते दिलं जातं, त्याच हातांनी दुसऱ्या मांडीत ही लस का दिली जाऊ नये? कुपी लेबर रूमच्या फ्रीजमध्ये ठेवा, जबाबदारी प्रसूती करणाऱ्या चमूवर टाका. माझी मागणी इतकीच आहे.

बाधित आईबद्दलही बोललं पाहिजे. नाव नोंदवतानाच तिची तपासणी व्हावी. विषाणूंचं प्रमाण मिलिलिटरमागे दोन लाख युनिट किंवा त्याहून जास्त असेल, तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आतच टेनोफोव्हिर सुरू करावं. जिथे ना हे प्रमाण मोजायची सोय, ना ई अँटिजेनची, तिथे प्रत्येक बाधित गरोदर बाईला ते द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये सांगितलं आहे. तिच्या बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, शक्यतो १२ तासांत. केवळ या आजारासाठी सिझेरियन करायचं कारण नाही. अंगावरचं दूध बंद करायचं तर मुळीच नाही.

आणि तरीही काय घडतं, ते आपण सगळे जाणतो. आठव्या महिन्यात तिला ‘दुसरीकडे जा’ म्हणून सांगितलं जातं. फाइलवर लाल अक्षरांत आजार लिहिला जातो, वॉर्डातल्या प्रत्येकाला तो वाचता येतो. घरी सासू तिचं ताट वेगळं करते. हिपॅटायटिस बी, म्हणजे पांढरी कावीळ, जेवणातून पसरत नाही, हे तिला आपल्याशिवाय कोण सांगणार? हातमोजे, सुया, निर्जंतुकीकरण यांची काळजी प्रत्येक प्रसूतीत सारखीच घ्यायची असते. ती घेणाऱ्याला या बाईची भीती वाटायचं कारण नाही, आणि तिला परत पाठवणं हा माझ्या लेखी वैद्यकीय अपराध आहे. तिच्या नवऱ्याची आणि मोठ्या मुलांची तपासणी करा, ज्यांना संरक्षण नाही त्यांना लस द्या. बाळाचं रक्त नऊ महिन्यांनंतर तपासायचं असतं. तोवर आई माहेरून सासरी गेलेली असते आणि हा दुवा तुटतो. तिचा फोन नंबर आणि गावच्या आशाताईंचं नाव डिस्चार्जच्या कागदावर असू द्या.

मित्रहो, परत गेल्यावर आपापल्या लेबर रूमचं रजिस्टर उघडा. गेल्या महिन्यातल्या प्रत्येक बाळाची जन्मवेळ आणि लस दिल्याची वेळ शेजारी शेजारी लिहा, आणि पुढच्या वर्षीच्या परिषदेला येताना ते आकडे घेऊन या.