मानेतली गाठ आणि सोनोग्राफी
(आरोग्यसेवकांच्या बैठकीत डॉक्टरांनी केलेले भाषण)



वाडीवर फिरताना मानेला गाठ आलेलं एखादं पोर तुम्हाला दिसतंच. पायात काटा मोडून जांघेत अवधाण येतं, ते जखम भरली की उतरतं. त्याची चिंता नको. पण दोन आठवडे उलटले, गाठ वाढतेय, एकीला दुसरी चिकटतेय, पोर वाळत चाललंय, तर ती गंडमाळ, म्हणजे गाठीचा क्षय असू शकतो. डाग देऊन किंवा पाला बांधून तो जात नाही. गाठ फुटते आणि वाहत राहते.

इथे सोनोग्राफी कामी येते. आपल्या बायकांना ती पोटाचीच माहीत! वरवरच्या गाठींसाठी वेगळा प्रोब असतो, त्यात काही मिलिमीटरची गाठही दिसते. निरोगी गाठ घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट, मधोमध पांढुरकी. क्षयाची बहुधा गोल, मधला पांढुरका भाग पुसलेला, शेजारणीला चिकटलेली. नव्या यंत्रांत इलॅस्टोग्राफीने गाठ किती कठीण तेही मोजतात. पण क्षयाची जुनी गाठ कॅन्सरसारखीच कठीण लागू शकते. म्हणून नुसत्या चित्रावर निदान करू नये, असं माझं ठाम मत आहे. चित्र बघत नेमक्या जागी सुई घालायची आणि निघालेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली व ट्रूनॅटवर तपासायचा. (हे ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्याचं.)

"मशीन वाडीवर का आणत नाही?" असं तुम्ही विचारता. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे नोंदलेल्या जागेबाहेर ते सहसा नेता येत नाही. कायदा योग्यच आहे. पण मग पेशंटलाच अलिबागला न्यावं लागतं, घरातल्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते. सोबत कोण जाणार, हे आधी ठरवा.

दिवाळी झाली की आपली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडाला परततात. उपचार तर किमान सहा महिन्यांचे. तेव्हा माना सप्टेंबरातच तपासा. निघणाऱ्या पेशंटच्या हातात निक्षय क्रमांक लिहून द्या, म्हणजे भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या चालू राहतील. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये मिळतात. बँक खातं नसेल तर आधी तेवढं उघडून घ्या.

गोळ्या चालू असताना गाठ कधी फुगते, नवीही येते. घाबरून औषध थांबवू नका, पेशंटला परत दाखवा. आणि छातीच्या एक्स-रेत काही नसेल, तर हा क्षय खोकल्यातून पसरत नाही. त्या पोराचं ताट वेगळं करू नका, शाळाही सोडवू नका.