शेरूचे चौदा दिवस

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमचं गाव जऊळका. वाशीम जिल्ह्यातला मालेगाव तालुका. अकोल्याहून पूर्णेकडे जाताना आमच्या स्टेशनची पाटी तुमच्यापैकी अनेकांनी खिडकीतून पाहिली असेल. इथे सोयाबीन घरात आलं की शेतात तूर आणि हरभरा राहतो आणि त्यावर रोही आणि रानडुकरं टपलेली असतात. म्हणून शेतावर कुत्रा लागतोच. आमच्याकडे शेरू आहे. तेव्हा दीड वर्षाचा होता आणि अंगात नुसता वारा. बांधावरून उडी, बैलगाडीत उडी, आलेल्या पाहुण्याच्या छातीवर उडी.

त्याची नसबंदी करायचं मी ठरवलं त्याला कारण होतं. याच्या आधीचा आमचा कुत्रा भाद्रपदात घरातून निघाला. चार दिवस पत्ता नाही. पाचव्या दिवशी रेल्वेरुळाच्या कडेला सापडला. भाद्रपदात कुत्र्यांचं काय होतं हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. जेवण सुटतं, झोंबाझोंबी होते, कान फाटतात, आणि कोणाची रेबीजची लागण कोणाला होईल याचा नेम नसतो.

माझ्या आईला मात्र हे पटलं नाही. ती म्हणाली, "गोऱ्हा खच्ची करतात तो नांगराले. या मुक्या जिवाले कायले कापता बाप्पा?" तिला समजवायला मला आठ दिवस लागले, आणि तरीही ती रुसलेलीच होती.

अकोल्याला नेऊन ऑपरेशन करून आणलं. तिथे स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, खाजगी डॉक्टरही आहेत. महिना मार्गशीर्षाचा होता. ते बरं झालं, कारण थंडीत माश्या कमी. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात. तातडी नसेल तर खेड्यातल्या माणसाने हंगाम पाहूनच तारीख घ्यावी, असं माझं मत आहे.

पहिली रात्र सोपी गेली. भूल उतरेपर्यंत कुत्रा झोकांड्या खातो, थरथरतो, डोळे उघडे असतात पण ओळख नसते. अशा वेळी तो घरच्या माणसालाही चावू शकतो, म्हणून पोरांना लांब ठेवावं. खाली पोतं, त्यावर गोधडी, जागा उबेची आणि सपाट. खाटेवर किंवा ओट्यावर ठेवू नये, आणि विहिरीजवळ तर नाहीच. पूर्ण शुद्धीवर आला की थोडं थोडं पाणी, मग नेहमीच्या निम्मं हलकं खाणं. लाडाने भरपेट घातलं तर उलटी होते.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी सुरू होते. दुखणं कमी होतं आणि कुत्र्याला वाटतं, आपण बरे झालो. आपल्यालाही तसंच वाटतं. चौथ्या दिवशी पहाटे शेजाऱ्याने आरोळी दिली, "भाऊ, तुरीत रोही शिरले!" मी काही बोलायच्या आत माझ्या पोराने शेरूची साखळी सोडली. खरं सांगायचं तर मीही अडवलं नाही. रोही पळाले. शेरू तासाभराने जीभ बाहेर काढून, मोठ्या ऐटीत परत आला.

संध्याकाळी पाहतो तर वृषणाची पिशवी मुठीएवढी सुजलेली, दोन टाके उसवलेले आणि मागच्या पायांना रक्त. आई काही बोलली नाही, नुसती त्याच्याजवळ बसून राहिली. ते मला जास्त लागलं.

डॉक्टरांनी पुन्हा भूल देऊन आत साचलेलं रक्त काढलं, टाके घातले आणि मला नीट समजावलं. नराच्या ऑपरेशनात वृषण काढतात आणि रक्तवाहिन्या बांधतात, पण बाहेरची पिशवी रिकामी तशीच राहते. कुत्रा धावला, उडाला की आतून रक्त झिरपतं आणि त्या रिकाम्या जागेत साचतं. मादीचं ऑपरेशन याहून मोठं. पोट उघडून गर्भाशय आणि बीजांडं काढतात. तिने उडी मारली आणि आतले टाके तुटले, तर आतडं बाहेर येण्यापर्यंत वेळ जाते. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर पळणं, उड्या, आंघोळ, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती, सगळं बंद. आखूड दोरीने बांधून लघवी-शौचापुरतं पाच-दहा मिनिटं फिरवायचं आणि परत आणायचं.

शेरूचे दिवस मग पहिल्यापासून मोजले. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायचं प्लास्टिकचं नरसाळं मिळतं. आम्ही जुन्या बादलीचा तळ कापून, कडांना कापड शिवून ते केलं. पहिला दिवसभर तो ते दारांवर आपटत फिरला. आई हसली, तेव्हा घरात जरा मोकळं वाटलं.

चळवळ्या कुत्र्याला नुसतं बांधलं तर तो दोरी चावतो, रात्रभर केकाटतो. त्याचं डोकं दमवावं लागतं. भाकरीचे तुकडे आम्ही पोत्याच्या घड्यांत, डब्याखाली लपवायचो आणि तो बसल्या जागी वास घेऊन शोधायचा. अर्धा तास असा गेला की तो शांत झोपायचा. हे काम पोरानेच अंगावर घेतलं, कोणी सांगितलं नव्हतं.

जखम रोज दोनदा उजेडात पाहावी. पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, थोडी लाली चालते. पू, घाण वास, सारखं रक्त, वाढती सूज, टाक्यांत फट, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, किंवा दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नये. जखमेवर तेल, राख, चुना, फिनेल लावू नये. आपल्याकडे हा हात फार सैल आहे. आणि माणसाची दुखण्याची गोळी तर कधीच देऊ नका. डायक्लोफेनॅक गिधाडांच्या जिवावर उठलं म्हणून २००६ साली जनावरांसाठी बंद झालं, ते कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडालाही घातक आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र बरं वाटलं तरी पूर्ण संपवायच्या.

आणखी दोन गोष्टी. नसबंदीनंतरही नराकडून काही आठवडे पिलं होऊ शकतात, तेव्हा महिनाभर माद्यांपासून दूर ठेवा. आणि नसबंदी म्हणजे रेबीजची लस नव्हे. ती डॉक्टर सांगतील तेव्हा टोचायचीच. भटक्या कुत्र्यांसाठी केंद्र सरकारने २००१ साली केलेल्या आणि २०२३ साली नव्याने आणलेल्या नियमांतही नसबंदी आणि लस दोन्ही सोबतच सांगितल्या आहेत.

लोक विचारतात, कुत्रा मऊ पडला का? राखण सुटली का? नाही. रोह्यामागे तो आजही तसाच धावतो. फक्त भूक वाढली, अंग धरायला लागला, म्हणून त्याची भाकर पाऊण केली. त्यावरून आई अजून माझ्याशी भांडते आणि उरलेली पाव भाकर मी नसताना त्याला घालते. पुढच्या भाद्रपदात गावची कुत्री रात्रभर रुळापलीकडे भांडत होती. शेरूने कान टवकारले, दोनदा भुंकला आणि आईच्या खाटेखाली जाऊन झोपला.